शकुताईंच्या गाडीचा आवाज

साठीनंतर माणसांना कमी ऐकू यायला लागतं म्हणतात. माझं उलटं झालं. मला जास्त ऐकू यायला लागलं. लिफ्ट जरा खरखरली की मी जिना धरते. मिक्सरचा सूर बदलला की चटणी अर्धवट ठेवून प्लग उपटते. गंगापूर रोडवरून एखादी मोटारसायकल कुरकुरत गेली की बाल्कनीत येऊन ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते, आणि मनात म्हणते, बाई गं, उतर खाली, आधी बघ काय झालंय ते.

हे दुखणं मला आमच्या विहीणबाईंनी लावलं. शकुताई. माझ्या गौरीच्या सासूबाई.

शकुताई शहराबाहेरच्या गिरणाऱ्याच्या. घरची द्राक्षं, टोमॅटो. पण यांचा जन्म गेला सरकारी नोकरीत, आरोग्यसेविका म्हणून. पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर मोपेड घेऊन हिंडायच्या. मोपेड चढायची नाही तिथे तिला ढकलत न्यायच्या आणि त्या पलीकडे पायी. उंच, हाडापेराने दणकट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि खांद्याच्या पिशवीत कायम एक लाकडी नळी. दोन्हीकडे पसरट, मधे चिंचोळी. पोटुशीच्या पोटावर ती टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि बाळाचे ठोके ऐकायचे. निवृत्तीनंतरही ती नळी पिशवीतून निघाली नाही. शकुताई तिने कलिंगड ऐकायच्या, बोअरची मोटर ऐकायच्या. एकदा आमचा फ्रिज ऐकला आणि म्हणाल्या, "ताई, याला घर बदलायचं हाय." आठवड्याभरात तो बंद पडला.

कुणाच्या दारी गेल्या तरी आधी बेल वाजवायच्या नाहीत. मान एका बाजूला कलती करून क्षणभर उभ्या राहायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आत भांडण चाललंय का ऐकते. चाललं असंल तर खाली एक फेरी मारून येते. आधी ऐकायचं, मग बोलायचं."

आणि दुसरं एक वाक्य. कुणी घाबरंघुबरं होऊन आलं, की त्या शांतपणे विचारायच्या, "आवाज येतोय ना? मग अजून हातात हाय. आवाज बंद झाला की पळायचं."

आता या बाईंचं आणि माझं जमायला किती वेळ लागला, ते सांगितलं पाहिजे. गौरीच्या लग्नात मी म्हणजे कोण! विमा कार्यालयात टेबलावर काच असलेली बाई. नवी पैठणी नेसून मी विहिणींच्या पंगतीला बसले. रांगोळ्या, उदबत्त्या, ताटाभोवती फुलं. शकुताई जिलबी वाढायला आल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि भर पंगतीत म्हणाल्या, "ताई, एकच घ्या. वजन लय झालंय तुमचं, बीपी तपासलं का?"

त्या नर्सच्या मायेने बोलल्या होत्या. पण पैठणीतल्या त्या भोपळ्याला तेवढी अक्कल कुठली! मी पानावरून उठले. उठले ती उठलेच. वर्षभर गिरणाऱ्याला पाय ठेवला नाही. संक्रांतीचं वाण कुरियरने पाठवलं. नात झाली तेव्हा शकुताई स्वतः आल्या, दाराशी नेहमीसारखी मान कलती करून उभ्या राहिल्या, आणि मी दार उघडल्यावर एवढंच म्हणाल्या, "नात झाली. तुमच्यावानी गोरी हाय." मी विरघळले. गोरेपणावर विरघळणारी बाई ती, तिच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची!

त्यानंतर मात्र शकुताईंनी माझ्या वजनाचा शब्द पुन्हा काढला नाही. पुढे जे झालं ते याच्यामुळेच.

निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं की शकुताई आता देवदेव करतील. त्यांनी टूरिंगची मोटारसायकल घेतली. उंच, रुंद, दोन्ही बाजूंना पेटाऱ्यासारखे डबे, पुढे काच. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे जावई प्रशांत, नुसते बघत राहिले. "आई, स्कूटी घे ना. भाजी आणायला."

"भाजी शेतात हाय," शकुताई म्हणाल्या. "मला पलीकडं जायचंय."

हे पलीकडचं प्रकरण असं होतं. नोकरीतली शेवटची वर्षं त्या सुरगाण्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीपर्यंत जायच्या. हद्दीवरचा पाडा आला की त्यांचं काम संपायचं. रस्ता मात्र संपायचा नाही. तो एक वळण घेऊन सागाच्या झाडीत शिरायचा. "रोज त्या वळणापाशी गाडी उलटी फिरवायची मी," त्या म्हणायच्या. "पुढचं माझ्या हद्दीत नव्हतं. वळणाच्या आड काय हाय ते बघितलंच नाय कधी." त्यांना त्या वळणावरून पुढे जायचं होतं. थेट कच्छच्या पांढऱ्या रणापर्यंत. आणि एकटं नाही.

"नव्या गाडीवर पहिला मान विहिणीचा," त्यांनी जाहीर केलं.

आता माझी नोकरी सांगते, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल ते कळेल. मी आयुष्यभर अपघाताचे दावे तपासले. दुचाकीकडे मी दुचाकी म्हणून कधी पाहिलंच नाही, फाईल म्हणून पाहिलं. पण मान नाकारायचा कसा? एकदा पानावरून उठलेली बाई दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने उठणार? मी हेल्मेट घातलं, मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली आणि एक पाय स्टुलावर, एक पाय देवावर ठेवून मागे बसले.

गिरणाऱ्याच्या वाटेला सोमेश्वरच्या पुढे गेलो आणि मला तो आवाज ऐकू आला. खालून, पायांच्या जवळून. वेग वाढला की वाढायचा, कमी झाला की खाली बसायचा. घर्रर्र नाही, खडखड नाही. कण्हणं. ताप आलेलं माणूस कूस बदलताना कण्हतं ना, तसं.

"शकुताई, हा आवाज कसला?"

त्यांची मान कलती झाली. गिरणाऱ्याच्या फाटकातून आम्ही आत शिरलो तेव्हा प्रशांत अंगणात होते. त्यांनीही ऐकलं. "आई, गिअरबॉक्स आहे हा! नव्या गाडीचा गिअरबॉक्स आवाज करतो?" त्यांनी लगेच गाडी काढली, एकटे एक चक्कर मारून आले. आल्यावर चेहरा आणखी पडलेला. "आता येतच नाही आवाज."

तिथून आमची झोप उडाली. आवाज सतत येणारा असता तर बरं झालं असतं. हा कधी यायचा, कधी नाही. शकुताई गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेल्या. तिथला सुपरवायझर, टी-शर्टाच्या खिशाला चार पेनं लावलेला, चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मॅडम, काही आवाज नाहीये. नवीन गिअरबॉक्स आहे, बसायला वेळ लागतो." परत आल्या. दुसऱ्या दिवशी मला घ्यायला आल्या, आणि कॉलेज रोड ओलांडायच्या आत तो परत सुरू. परत सर्व्हिस सेंटर. "मॅडम, नाहीये आवाज. तुमच्या मनात बसलाय." ऑइल बदललं. तरी तेच. माझ्या डोक्यात तर पूर्ण फाईल तयार झाली होती: सापुताऱ्याचा घाट, मागचं चाक अडकलेलं, दोन ज्येष्ठ महिला. खाली माझीच सही.

प्रशांतनी शेवटी निकाल दिला. "दसऱ्यापर्यंत याचं कारण सापडलं तर ठीक. नाहीतर गाडी विकायची. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. आवाज येतो आणि का येतो ते माहीत नाही, अशा गाडीवर मी तुला रणात पाठवणार नाही, आई." ते चुकीचं काही बोलत नव्हते, हीच पंचाईत होती.

आणि शकुताई? त्या गप्प झाल्या. हे मला आवाजापेक्षा जास्त टोचायला लागलं. जी बाई फ्रिजचंही निदान करायची, ती स्वतःच्या गाडीबद्दल अवाक्षर काढेना. मला घ्यायला येणंही बंद झालं. फोन केला तर म्हणायच्या, "नका येऊ ताई इतक्यात. गाडीचा भरवसा नाय."

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा मला राहवेना. न कळवता बसमध्ये बसले आणि गिरणाऱ्याला उतरले. शेताच्या वाटेने चालत होते तर समोरून तोच आवाज. कण्हत, कण्हत. बांधाच्या वळणावरून शकुताई आल्या, हेल्मेट घातलेल्या, आणि त्यांच्या मागे सीटवर, दोरीने आवळून बांधलेलं, घोटीच्या तांदळाचं भलंमोठं पोतं. त्या पोत्यावर आणखी एक छोटं. थोरलं अंग, वर डोकं. लांबून बघितलं तर कुणालाही वाटलं असतं, मीच बसलेय.

मला पाहून त्यांनी ब्रेक मारला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिसरं ते पोतं, तेही बघत होतं.

"हे काय आहे, शकुताई?"

"तांदूळ."

"ते दिसतंय मला. मागे कशाला बांधलाय?"

"गिरणीत नेत होते."

"गिरणी त्या बाजूला आहे."

शकुताईंनी हेल्मेट काढलं. कुंकू कपाळभर पसरलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, परत त्यांच्याकडे. सुपरवायझर एकटा बसतो, आवाज नाही. प्रशांत एकटे बसतात, आवाज नाही. विमा कार्यालयात एवढा हिशोब मला नक्की जमायचा.

"म्हणजे मी?"

"तुम्ही नाय हो. पोतं."

"शकुताई!"

"मागं वजन आलं की येतो," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "एकटी चालवली की नाय येत. दुसऱ्याच दिवशी मला शंका आलती."

"आणि माझं वजन? पोत्याला कसं कळलं?"

"आयुष्यभर बायांची वजनं केली मी ताई. नजरेनं कळतं." मग घाईने, "थोडं कमीच भरलंय पोतं."

मी बांधावरच बसले. राग यायचा होता; जागा बघून ठेवल्यासारखा तो घशापाशी येऊन थांबलाही होता. "मग सर्व्हिस सेंटरला सांगायचं होतं की!"

"काय सांगू? पोरांनी भरलेल्या दुकानात उभं राहून सांगू, आमच्या विहीणबाई बसल्या की गाडी कण्हती?"

"अहो पण गाडी विकतायत ते! तुमचं रण, तुमचं ते वळण…"

"गेली तर जाऊ द्या," शकुताई म्हणाल्या. "गाडी काय, परत येईल. विहीण एकदा गेलती, वर्षभर नाय आली."

मी उठले, दोरी सोडायला लागले. गाठी फार पक्क्या मारल्या होत्या बाईने. "उतरवा ते पोतं," मी म्हटलं. "आता खरं वजन न्यायचंय."

सर्व्हिस सेंटरमध्ये मी शिरले ती जशी काही तपासणीला आले आहे अशा थाटात. सुपरवायझरने तोंड उघडायच्या आत मी मागच्या सीटवर चढून बसले. "आता तुम्ही पुढे बसा आणि चक्कर मारा."

"काकू, तुम्ही?"

"मीच. आवाज माझा आहे, मला बरोबर घेतल्याशिवाय कसा ऐकू येईल?"

सगळी पोरं हातातलं काम टाकून बघायला लागली. शकुताई भिंतीशी उभ्या, पदर तोंडाला. गाडी चौकापर्यंत जाऊन कण्हत कण्हत परत आली आणि सुपरवायझरचा चेहरा उतरला होता. त्याने मला उतरू दिलं नाही. खाली वाकून चेनवर बोट दाबलं. ती सतारीच्या तारेसारखी ताठ. हलेचना.

मग त्याने सांगितलं ते असं. रिकाम्या गाडीवर चेन बरोबर वाटत होती, पण कसताना जरा जास्तच कसली गेली होती. मागे वजन आलं की सीट दबते आणि चेन आणखी ताणली जाते. ताणलेली चेन गिअरबॉक्समधल्या दांड्याला सारखी ओढते, तो आवाज. "अजून काही दिवस असंच चालवलं असतं ना मॅडम, तर आतलं बेअरिंग गेलं असतं. घाटात लोड असताना चेन तुटली असती, तर…" पुढचं त्याने सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती. फाईल माझ्याकडे तयारच होती.

एका जिलबीपायी! माझ्या एका जिलबीच्या रुसव्यापायी ही बाई गाडी विकायला निघाली होती, आणि न विकता तशीच निघाली असती तर मी फाईल उघडायलाही उरले नसते. शकुताईंनी पिशवीतून नळी काढली, गाडीच्या पोटाला टेकवली, कान लावला. पोरं हसली. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. बराच वेळ ऐकलं.

"आतलं वाचलंय," त्या म्हणाल्या. सुपरवायझरने झाकण उघडून बघितलं, आणि मान हलवली. वाचलं होतं. चेन ढिली झाली, मागचे शॉक ॲब्सॉर्बर माझ्या मापाने बसवले, आणि आम्ही दोघी परत निघालो तेव्हा सोमेश्वर गेलं, गंगापूर गेलं, आणि खालून इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही. मला त्या शांततेचीच भीती वाटायला लागली. मी तीनतीनदा विचारलं, "शकुताई, आवाज बंद झालाय हो! पळायचं का?" पुढून हेल्मेटमधून हसू आलं, गाडीसकट हलणारं.

दिवाळी झाल्यावर आम्ही गेलो. वणी, सुरगाणा, आणि मग ते वळण. शकुताईंनी तिथे गाडी थांबवली. सवयीने हँडल उलटं वळवलं होतं, मला मागून कळलं. मग सरळ केलं. गिअर टाकला. वळणाच्या आड काय होतं म्हणाल, तर रस्ताच होता, आणखी सागाची झाडं, आणि एका टपरीवर भजी. शकुताईंनी ती भजी अशी खाल्ली, जशी काही कुणी त्यांच्यासाठी एवढी वर्षं झाकून ठेवली होती. पुढे रणही बघितलं. पण त्यांच्या बोलण्यात कायम ती टपरी यायची.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हाची मी म्हणजे साठीतली कोवळी पोर. शकुताईंना पुढे पोटाचं दुखणं लागलं. हळूहळू गाडी चालवणं सुटलं आणि ती त्यांनी आमच्या नातीला, रेवाला दिली. रेवाने कुठल्याशा मेकॅनिकच्या टपरीवर चेन कसून घेतली, आणि मागच्या पावसाळ्यानंतर एकदा ती मला गिरणाऱ्याला घेऊन गेली तर खालून तोच जुना कण्हण्याचा आवाज. मी म्हटलं, बाई, उद्याच्या उद्या ढिली करून घे.

शकुताई ओट्यावर बसल्या होत्या, अंगावर गोधडी. फाटकातून आवाज आत आला तसा त्यांचा चेहरा उजळला. "आल्या आमच्या विहीणबाई! ओळखला मी." मग रेवाला म्हणाल्या, "मला एक चक्कर मार गं. बांधापर्यंत."

गौरी नको म्हणाली, प्रशांत नको म्हणाले. शकुताईंनी ऐकलं नाही. शेवटी प्रशांतनी आणि मी त्यांना उचलून मागे बसवलं. त्यांना उचलताना प्रशांतनी माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं. रेवाचं हेल्मेट त्यांच्या मानेवर भोपळ्यासारखं डुललं.

गाडी निघाली. अंगणातून फाटकापर्यंत गेली. काही आवाज आला नाही.

शकुताईंची मान एका बाजूला कलती झाली. तशीच, दाराशी उभ्या राहायच्या तशी. "थांब गं," त्यांनी रेवाला सांगितलं. "चेन ढिली केलीस का?"

"नाही आजी. उद्या करणार आहे."

शकुताई थोडा वेळ तशाच ऐकत राहिल्या. आयुष्यभर बायांची वजनं केलेली ती बाई. तिला काय सांगायचं कुणी? मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. हेल्मेटच्या काचेआड हसल्या की काय, मला नीट दिसलं नाही. रेवाच्या खांद्यावर थोपटलं.

"चल," त्या म्हणाल्या, "वळणापर्यंत जाऊ."

मी फाटकाला धरून कान देऊन उभी राहिले. गाडी द्राक्षाच्या मांडवांमधून गेली, बांधाशी वळली, दिसेनाशी झाली. शेवटपर्यंत ती एकदाही कण्हली नाही.